गुलाबाचं दुखणं कुंडीच्या तळाशी

पुण्यात गुलाबाचं रोप मिळायला अजिबात अडचण नाही. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे निघालात तर रोपवाटिका लागत जातात, आणि शहरातही बहुतेक उपनगरांत एखादी नर्सरी असतेच. अडचण सुरू होते ती रोप घरी आल्यावर. पहिले दीड-दोन महिने ते दृष्ट लागेल असं फुलतं. मग नवी पानं फिकट येऊ लागतात, कळ्या लहान होत जातात, एखादी फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. अशा वेळी घरातले सगळे एकदम वैद्य होतात. कुणी चहाचा चोथा घालतं, कुणी अंड्याची टरफलं, कुणी केळ्याच्या सालांचं पाणी. व्हॉट्सॲपवर आलेला हळद-दालचिनीचा उपायही होऊन जातो. आणि दिवाळीत आणलेलं रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकलं तर नशीब.

माझ्या मते यातली बहुतेक रोपं उपासमारीनं मरत नाहीत आणि किडीनंही मरत नाहीत. त्यांच्या मुळांना हवा मिळत नाही. ती मिळाली, तर पुण्याची माती आणि पुष्कळ ठिकाणचं पाणी त्यांच्यापर्यंत लोह पोचू देत नाही. वर पानांवर जे दिसतं ते बरंचसं या दोन गोष्टींचं पुढचं पान असतं. म्हणून सुरुवात खालून करू.

एका कुंडीत दोन झाडं

नर्सरीतला मोठ्या फुलांचा गुलाब जवळजवळ नेहमी कलमी असतो. खाली खुंट, म्हणजे मुळांसकटचं बूड, एका जातीचा, वर डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला न फुटलेला कोंब, दुसऱ्या जातीचा. मोठ्या, देखण्या फुलांच्या जातींची मुळं बऱ्याचदा बेताचीच असतात, म्हणून मुळांचं काम दणकट रानगुलाबाला दिलेलं असतं. आपल्याकडे खुंटासाठी मल्टिफ्लोरा हा रानगुलाब खूप वापरतात. त्याच्या सालीला टी आकाराची चीर द्यायची, हव्या त्या जातीचा डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची आणि डोळा फुटला की त्याच्या वरचा खुंट कापून टाकायचा. एका फांदीवर जितके डोळे, तितकी नवी रोपं, असा रोपवाटिकेचा हिशोब.

घरी आणलेल्या रोपाच्या बुडाशी जी गाठ दिसते ती हीच. तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर सोडवा. फांदी जाड होत गेली की तीच पट्टी तिला आवळते. लावताना गाठ मातीच्या दोन बोटं वर राहू द्या. गाठीच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, म्हणजे रानटी. ती भराभर वाढते, पानं फिकट आणि बारीक, आणि पानाच्या देठाशी जी छोटी उपपर्णं असतात ती मल्टिफ्लोरात झालरीसारखी कातरलेली असतात. सात पानांची फूट रानटी आणि पाच पानांची खरी, असं सरसकट सांगितलं जातं, पण पुष्कळ चांगल्या जातींनाही सात पर्णिका, म्हणजे एका पानातली सात छोटी पानं, येतात. तेव्हा मोजत बसू नका, फूट गाठीच्या वर आहे की खाली ते बघा. खालची असेल तर कात्रीनं न कापता बुडातून खाली ओढून काढा, म्हणजे तिथला डोळाही निघून येतो. ती राहिली तर खुंट आपलाच संसार थाटतो आणि वर्षाभरात 'आमच्या लाल गुलाबाला पांढरी बारकी फुलं यायला लागली' अशी तक्रार सुरू होते.

बुके सोडवून त्यातली डच गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात. बटाटा काडीला मुळं आणत नाही, तो फक्त ओल धरतो आणि मग कुजतो. तळेगाव-मावळात हरितगृहांमध्ये होणारे हे गुलाब लांब दांडा आणि फुलदाणीतला टिकाऊपणा यांसाठी निवडलेले असतात, आणि तिथे त्यांना ठरावीक हवा, ठरावीक पाणी, ठरावीक खत मिळतं. काडी लागली तरी घरच्या गॅलरीत तिची फार मजा येत नाही. घरासाठी ग्लॅडिएटरसारख्या उघड्या शेतात पिढ्यानपिढ्या तग धरलेल्या जाती, झुपक्यानं फुलणारे फ्लोरिबंडा, किंवा बटण गुलाब बरे. आपल्या उन्हात निवडलेल्या देशी बनावटीच्या जातीही आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक बी. पी. पाल हे मुळात गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ, पण गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती त्यांनी तयार केल्या.

मुळांना हवा

मुळं श्वास घेतात. पाणी आणि क्षार आत ओढायला त्यांना ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेसाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा खेळत असेल तोवर तो मिळतो. त्याच पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू पसरण्याचा वेग सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. मुळं गुदमरतात, गुदमरली की पाणी ओढू शकत नाहीत, आणि मग भर पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं माना टाकतं. घरातलं माणूस कोमेजलेली पानं बघून आणखी तांब्याभर पाणी घालतं. कुंडीतले गुलाब मरण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण असावं.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरं आत घालून बघायचं. किंवा कुंडी थोडी तिरकी करून वजनाचा अंदाज घ्यायचा, आठवड्याभरात हाताला सवय होते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ती स्थिती आपल्याला कुंडीत जास्तीत जास्त वेळ टिकवायची आहे. रोज सकाळी सातला एक मग, हे वेळापत्रक झाडाचं नसून आपलं असतं.

आता मातीकडे. पुण्याची मूळ माती म्हणजे बेसाल्ट झिजून झालेली काळी माती. शेतात तिचं मोल मोठं, कुंडीत मात्र ती छळते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत आक्रसली की मातीचा गोळा कडांपासून सुटतो, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि ताटलीत जमा होतं. आपल्याला वाटतं भरपूर पाणी झालं, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत. उलट पावसाळ्यात तोच गोळा फुगून सगळ्या पोकळ्या बुजवतो.

नर्सरीतून आलेल्या रोपाच्या बुडाशीही बहुतेकदा लाल चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून ते ठीक आहे. पण तो तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला की पाणी गोळ्याला वळसा घालून निघून जातं. रोप लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बाहेरचा बोटभर थर हलक्या हातानं सुटा करा आणि मग लावा. हे काम पावसाळ्याच्या शेवटी किंवा थंडीत करायचं. मे महिन्यात मुळं उघडी केली तर रोप बहुधा हातचं जातं.

मिश्रणाचं म्हणाल तर एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग हवा धरून ठेवणारं काहीतरी: भाताचं तूस, कोकोपीट, लाल विटांचा भरड चुरा. त्यात मूठभर निंबोळी पेंड. पुण्यातले गच्चीवर बाग करणारे पुष्कळजण रसवंतीवरून उसाची चिपाडं आणून वाळलेल्या पानांबरोबर कुजवतात, तेही उत्तम आणि फुकट. विटांचा चुरा घेताना एक बघा, पाडकामाच्या राडारोड्यातला नको. त्यात सिमेंट आणि चुना असतो, आणि चुन्याचं काय होतं ते पुढे येतंच आहे.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा जाड थर घातला की निचरा चांगला होतो, ही समजूत सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. प्रत्यक्षात होतं उलटंच. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज बदलला नाही, पाणी घातलं नाही, फक्त उंची वाढली. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तळाशी ठरावीक उंचीचा थर कायम चिंब राहतो. त्या थराची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीच्या आकारावर नाही. तळाशी खडे भरले की हा चिंब थर खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो, कारण बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींमध्ये सहजी उतरत नाही. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे. आणि कुंडी पसरट घेण्यापेक्षा उंच घ्या. मोठ्या गुलाबाला बारा इंची, बटण गुलाबाला आठ इंची. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी पंचवीस किलोच्या घरात जाते, तेव्हा गच्चीवर ओळी मांडण्याआधी त्या भिंतींजवळ, तुळईच्या वर येतील असं बघा. नाहीतर सोसायटीच्या सभेत विषय निघणारच.

ताटल्यांमध्ये पाणी साचू देऊ नका. मुळांसाठी तर नकोच, शिवाय डेंगीच्या डासाला अंडी घालायला अशीच स्वच्छ, साठलेली पाण्याची जागा आवडते.

लोहाच्या खाणीत उपाशी

नव्या, शेंड्याकडच्या पानांकडे बघा. पानाचा मधला भाग पिवळा आणि शिरा मात्र हिरव्यागार राहिल्या असतील, तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची. हा फरक असा का? नत्र झाडाच्या आत फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून जुनी पिवळी होतात. लोह एकदा पानात गेलं की तिथंच अडकतं, म्हणून तुटवडा नव्या पानांत दिसतो. मॅग्नेशियम फिरणाऱ्यांतलं, त्यामुळे त्याच्या कमतरतेत शिरांमधला पिवळेपणा जुन्या पानांवर येतो. एवढं बघता आलं तरी निम्म्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

गंमत अशी की दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं. मातीत ते आहेच, पण विरघळत नाही. कारण सामू. आम्ल-विम्लता मोजण्याच्या या पट्टीवर ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर विम्ल. गुलाबाला ६ ते ६.५ च्या आसपास आवडतं. पुणे परिसरातल्या काळ्या मातीचा सामू अनेकदा ७.५ ते ८.५ असतो, कारण तिच्यात चुनखडी मिसळलेली असते. आणि सामू एका अंकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजार पटींनी कमी होतं. मुळं लोहाच्या ढिगात उभी आणि पानं पंडुरोगी, असा हा प्रकार.

तुमच्या मातीत चुनखडी आहे का हे घरीच कळतं. चमचाभर वाळलेली माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले, तर चुनखडी आहे. मग अंड्याची टरफलं कुंडीत घालणं म्हणजे चुन्यात चुना. ज्या प्रदेशांत माती आम्ल आहे तिथे तो उपाय शहाणपणाचा असेल, आपल्याकडे त्यातून फारसं काही साधत नाही.

माती बदलली तरी पाणी उरतंच. खडकवासला साखळीतल्या धरणांचं नळाचं पाणी मृदू असतं, त्याची चिंता नको. पण वाघोली, उंड्री किंवा अशाच वाढत्या भागांतल्या सोसायट्यांना टँकर आणि बोअरवर दिवस काढावे लागतात. बेसाल्टमधून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. रोज दोन मग घालता घालता महिन्याकाठी आपण कुंडीत थोडा थोडा चुनाच ओतत असतो. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरे ओघळ आले असतील तर त्याचाच हा पुरावा. त्याहून वाईट म्हणजे सॉफ्टनरचं पाणी. बहुतेक सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतात. भांडी चकचकीत होतात, पण मातीचे कण सोडियमनं सुटे होऊन पोकळ्या बुजतात, म्हणजे पुन्हा हवा बंद. आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसर पुष्कळ घरांत चालते. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. मूळ पाणी नळाचं असेल तर एकवेळ चालेल, बोअरचं असेल तर ते फरशी पुसायला वापरा.

इलाज? पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादल्या, पिंपं लावता आली तर उत्तम. एरवी महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, साठलेले क्षार खालून निघून जातात. तात्पुरता उतारा म्हणून पानांवर लोह फवारता येतं: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळची वेळ. मातीत घालायचं तर नुसती हिराकस चुनखडीच्या मातीत लवकरच निकामी होते. त्यासाठी चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे लोहाच्या अणूला एका सेंद्रिय रेणूनं कवेत घेतलेलं असतं, त्यामुळे ते न बसता विरघळलेलं राहतं. पण पाकिटावरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू ६.५ च्या वर गेला की लोह सोडून देतं. आपल्या मातीला ईडीडीएचए लागतं, ते महाग असतं आणि चमचाभरच पुरतं.

गंधकाची पूड घालून सामू कायमचा उतरवण्याचा सल्लाही मिळतो. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात हे खरं, पण मातीत चुनखडी असेल तर ती आधी संपेपर्यंत ते आम्ल तिच्यातच खर्ची पडतं. कुंडीपुरतं बोलायचं तर मिश्रणच बदलणं स्वस्त पडतं.

गॅलरीची दिशा

गुलाबाला रोज सहा तास ऊन हवं, हे सगळे सांगतात. कुठल्या महिन्यात, हे कुणी सांगत नाही. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो थोडा उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत उन्हाळ्याच्या ऐन दुपारी ऊन आत शिरतच नाही. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, आणि त्याच गॅलरीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं.

पुण्यात गुलाबाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दिवसा ऊन, रात्री गारवा, कळी सावकाश वाढते म्हणून मोठी आणि भरगच्च होते. म्हणजे दक्षिणेची गॅलरी नेमक्या हंगामात ऊन देते आणि उन्हाळ्यात सावली. मला तर ती गुलाबासाठी सगळ्यात सोयीची वाटते. पूर्वेची गॅलरी बारमाही चांगली, सकाळच्या उन्हानं पानांवरचं दव लवकर वाळतं. पश्चिमेला हिवाळा छान जातो, एप्रिल-मेमध्ये मात्र शेडनेट लावावं लागतं आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तापतात, तिथे मातीच्या कुंड्या घ्या. उत्तरेच्या गॅलरीत गुलाबाचा हट्ट सोडा.

छाटणी कशासाठी

युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बारमाही फुलणारे गुलाब तिकडे पोचले आणि त्यांच्या संकरातून आजचे गुलाब आले. पहिला हायब्रिड टी, म्हणजे मोठ्या फुलांचा आधुनिक गुलाब, मानला जाणारा 'ला फ्रान्स' हा १८६७ चा. चिनी गुलाबांत फुलणं रोखून धरणारं एक जनुक बिघडलेलं आहे. रोखणारंच नाही म्हटल्यावर प्रत्येक नवी फांदी थोडी वाढते आणि तिच्या टोकाला कळी धरते. त्यामुळे फुलं हवीत तर नव्या फांद्या हव्यात, आणि नव्या फांद्या हव्यात तर जुन्यांचे शेंडे कापायला हवेत, कारण शेंड्यातून खाली उतरणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं.

मोठी छाटणी पाऊस पुरता थांबल्यावर, दसरा-कोजागिरीच्या सुमारास. वाळक्या, काड्यांसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळातून काढा. तीन-चार जोमदार फांद्या ठेवून त्या निम्म्यावर आणा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर. डोळा बाहेर बघत असला की फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. हात थरथरतो हे मान्य, पण गुलाब कात्रीनं क्वचितच मरतो. कापलेल्या टोकाचा गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर आणखी खाली या, तो शेंड्याकडून उतरणारा मर रोग आहे. टोकांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. इथून फुलं यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, त्यात फुलं मांडणारे लोक तारखेवरून उलटं मोजूनच कात्री हातात घेतात.

हंगामात फूल सुकलं की नुसतं डोकं खुडू नका. फुलाच्या लगतच्या पानांना तीन पर्णिका असतात आणि तिथले डोळे दुबळे असतात. खाली पहिलं पाच पर्णिकांचं धड पान बघून त्याच्या वर कापा. सुकलेलं फूल तसंच राहिलं तर झाड फळ धरायच्या मागे लागतं.

इतक्या वेळा फुलणाऱ्या झाडाला खायलाही तसंच लागतं. छाटणीनंतर दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं हाडांचं खत. मग दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी, तीन-चार दिवस भिजवून दहापट पातळ केलेलं. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. मे महिन्यात आणि नुकत्याच लावलेल्या रोपाला खत नको.

पानांवरच्या तक्रारी

रोग-किडींचं पुण्यातलं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पावसाळ्यात काळे ठिपके, नोव्हेंबर ते जानेवारी भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) आणि मावा (कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारे बारीक किडे), उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे. यात एक समजून घेण्यासारखं आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सात-आठ तास सलग ओलं लागतं. भुरीच्या बुरशीचं याच्या उलट, तिला दमट हवा आवडते पण पानावरचं पाणी सोसत नाही. म्हणून थंडीत सकाळी उन्हाच्या वेळी पानं पाण्यानं धुतली तर भुरी आटोक्यात राहते, आणि पावसाळ्यात तेच केलं तर काळ्या ठिपक्यांना आमंत्रण. पावसाळ्यात शक्य असेल तर कुंडी स्लॅबखाली घ्या, गळलेली ठिपक्यांची पानं उचलून टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा.

लाल कोळी पानाच्या मागे असतो, पान पुसट, धुळकट दिसायला लागतं आणि नंतर बारीक जाळी येते. तो कीटक नाही, अष्टपाद आहे. कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे किडे मरतात आणि कोळी आणखी वाढतो. नळीनं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारणं हाच पहिला उपाय. माव्यालाही तेच. फार झालं तर निंबोळी अर्क, संध्याकाळी.

बाकीची मंडळी

मुळांना हवा हवी हा नियम सगळ्यांनाच लागू, फक्त प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगळी. अनंत लोहाच्या बाबतीत गुलाबाहून नाजूक आहे. तुमच्या पाण्यात चुना आहे का ते त्याची पानं सगळ्यात आधी सांगतात. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून, पानं कमी करून छाटा आणि मग खतपाणी द्या, उन्हाळा लागताच फुलतो. त्याला गुलाबाहूनही जास्त ऊन लागतं, सावलीत नुसतीच पानं येतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर आधी मुंग्या बघा. त्याच्यातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्यांची ये-जा थांबवल्याशिवाय नुसतं फवारून उपयोग होत नाही.

शेवंतीचं प्रकरण वेगळंच. ती रात्र मोजते. सप्टेंबर संपता संपता रात्र दिवसाहून मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरायचा इशारा मिळतो, पण ती रात्र सलग काळोखाची लागते. गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा असेल, किंवा सोसायटीच्या जिन्यातला बल्ब रात्रभर कुंडीवर पडत असेल, तर शेवंती हिरवीगार, धष्टपुष्ट वाढत राहते आणि फुलत नाही. तिला खत घालू नका, उचलून काळोखी कोपऱ्यात ठेवा. तेवढं जमत नसेल तर संध्याकाळी सहा-सातला वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं, कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत रोज.